पासवर्ड टाकताना काहीच दिसत नाही

"वो बाई, मी टाकून राह्यली
अन् दिसून तं काहीच नाई राह्यलं."
पंचफुला आत्रामचं बोट कळीवर तसंच थांबलेलं,
नखात तुरीचा पिवळा भुगा.
काळ्या चौकोनात एक पांढरी रेघ लुकलुकते,
चांदणी नाही की टिंब नाही.
टाक, म्हणते मी. पूर्ण टाक. मग एंटर.
ते सगळं मोजून घेतं,
फक्त बोलून दाखवत नाही.

दिग्रसच्या रस्त्यावर बचत गटाची डाळमिल,
चाळणीच्या खोलीला लागून ही खोली.
कॉम्प्युटर तालुक्याच्या बँकेनं भंगारात काढलेला.
त्यात आधी जे होतं ते व्हायरसनं खाल्लं.
नवं विकत घ्यायचं तर पोतं-दोन पोती डाळ,
म्हणून बेबीनंदाच्या भाच्यानं
पेनड्राइव्हवरून हे फुकटातलं टाकलं.
"याचा मालक कोणी एक नाई मावशी, सगळेच हायेत,"
असं म्हणाला, आणि पुण्याला गेला.
मालक सगळेच,
बिघडलं की मी.

दोनशेपानी वहीत पुढून पोत्यांचा हिशोब आहे,
मागून मी उत्तरं लिहीत आले आहे.

सी ड्राइव्ह कुठी गेला?
इथं तो नव्हताच.
एकच घर आहे, त्याचं नाव तिरकी रेघ,
सगळ्या खोल्या तिथूनच निघतात.
आपापल्या नावाच्या खोलीत ठेवा, हरवणार नाही.

काल ठेवलेली यादी आज काऊन नाई?
मोठ्या वायची यादी वेगळी, लहान वायची वेगळी.
बेबीनंदा चिडली,
"आपल्यात तं लहान-मोठं अक्षर नसतेच."
मी म्हटलं, दिन अन् दीन एकच का?
ती थोडा वेळ गप्प. मग,
"बोलताना तं एकच."
हे उत्तर मी वहीत तिच्या नावानं लिहिलं.

परवानगी नाई म्हणते.
मालकीण तुम्हीच आहात,
पण रोज मालकीण होऊन बसायचं नाही.
कामापुरतं व्हायचं, पासवर्ड द्यायचा,
काम झालं की परत खाली चटईवर.
(अध्यक्षाबाईंना हे पटलेलं नाही.)

लाइन गेली, आली, आता काळ्यावर पांढरं सरसर लिहून राह्यलं.
पळू नका. बटण दाबून मारू नका.
तब्येत तपासतं आहे स्वतःची.
तोवर चहा मांडा.
थ्री फेज येते रात्री अकराला,
तेव्हा चहा मांडायला कोणी नसतं,
मी थर्मास आणते.

आवाज काऊन नाई येत?
माहीत नाही.
(चार महिने झाले. अजून माहीत नाही.)

एक गोष्ट वहीत लिहिली नव्हती.
पेनड्राइव्ह लावला की पडद्यावर यायचं,
आरोहित करा.
पंचफुला एकेक अक्षर बोटानं दाबत वाचायची,
आ. रो. हि. त.
"घोड्यावर बसाचं हाय काय वो?"
चाळणीवरच्या बाया सूप खाली ठेवून हसल्या,
मीही हसले.
रात्री मात्र वाटलं, कुणीतरी कुठंतरी
शब्दकोश मांडीवर घेऊन, एक पैसा न घेता,
आपल्यासाठी हा शब्द शोधला असेल.
त्याला लिहिलं:
आमच्याकडे असं कोणी म्हणत नाही.
'जोडा' चालेल का?
अकरा दिवसांनी उत्तर आलं, "पाहतो."

मग नवी तूर आली.
धुळीनं पडदा दिवसातून तीनदा पुसावा लागला.
अपडेट म्हणून काहीतरी उतरलं, दीड तास,
बेबीनंदाच्या मोबाइलचं नेट संपलं, ती दोन दिवस बोलली नाही.
आणि गुरुवारी पेनड्राइव्ह लावला तर
तिथं दोन अक्षरं होती.
जोडा.

मी कोणाला हाक मारली नाही.
पंचफुलानं वाचलंही नाही, सरळ दाबलं,
यादी उघडली, आणि मान वळवून म्हणाली,
"वो बाई, हा प्रिंटर काऊन नाई चालून राह्यला?"

वायर खाली लोंबत होती,
टोकाला मुंग्या.