कॅन्सस आणि केंटकीच्या मध्ये

आर्डिथ आत्या गेली, आणि वाटणीत
भावाला ट्रॅक्टर आला, मला शर्टाचं एक खोकं.
आत पिठाच्या पोत्यांच्या कापडाचे अठ्ठेचाळीस चौकोन,
प्रत्येकावर एकेका राज्याचा पक्षी,
ट्यूबमधला रंग पिळून रंगवलेला.
अलास्का नाही, हवाई नाही.
तेव्हा देश तेवढाच होता.

मला शिवण येत नाही. तीस वर्षं
डाकोटाच्या बर्फातून शाळेची बस चालवली,
हात स्टिअरिंगला सरावलेले.
म्हणून गुरुवारी चर्चच्या तळघरात जाऊ लागले.
तिथे लाकडी चौकटीभोवती चारचौघी बसतात
आणि किटलीतली कॉफी कधी तळाला जात नाही.

मार्लिस म्हणाली, इस्त्री उलट्या बाजूने कर,
मध्ये फडकं घाल, नाहीतर पक्षी इस्त्रीलाच चिकटेल.
वायोमिंगचा चिकटलाच.
पिवळी छाती निम्मी इस्त्रीवर, निम्मी कापडावर.
कुणी हसलं नाही. म्हणजे मी वर बघेपर्यंत तरी.

सोल्वेग म्हणाली, रंगातून सुई घालायला जाऊ नकोस,
इतक्या वर्षांत त्याची खपली झालीय.
पक्ष्याला वळसा घाल.
तर मी वळसे घालत बसले,
चोचीला, शेपटीला, पेलिकनच्या त्या थैलीला.
याला धावदोरा म्हणतात.
माझा रांगत होता.

तारखा मला उशिरा दिसल्या.
मागच्या बाजूला, कोपऱ्यात, शिसपेन्सिलीने,
बाजरीच्या दाण्याएवढ्या.
अलाबामा, दोन जानेवारी. ॲरिझोना, तीन.
रोज रात्री भांडी आवरून एक पक्षी.
कॅन्सस, पंधरा.
केंटकी, पंचवीस.

मध्ये नऊ रात्री कुठे गेल्या, मी विचारलं.
मार्लिस म्हणाली, हिमवादळ असेल,
त्या वर्षी आठवडाभर वीज नव्हती.
आयोनी म्हणाली, लाल रंग संपला असेल,
गावातून मागवावा लागायचा.
सोल्वेग काहीच म्हणाली नाही.
ती सुईत दोरा ओवत होती.
तिला तो एरवी एका दमात ओवता येतो.

आमच्या दफनभूमीत, गव्हाच्या शेताला लागून,
आत्याच्या दगडाशेजारी एक दगड आहे,
वीतभर.
त्यावर नाव नाही. एकच तारीख आहे, तीही झिजलेली.
लहानपणी मी त्याच्यावर बसून सफरचंद खाल्लंय
आणि आत्याने मला उठवलं नव्हतं.

केंटकीचा कार्डिनल मी हातात घेतला.
इलिनॉयचा आहे, इंडियानाचाही आहे,
तोच पक्षी, तोच छापील नमुना,
पण त्या दोघांचा रंग पातळ, रेषेच्या आत.
याच्यावर थरावर थर,
अख्खी ट्यूब रिकामी केल्यासारखा.
कडेलाच सुई टोचली तर सुई वाकली.

मी तारखांबद्दल पुन्हा विचारलं नाही.
घरी आले, तिसरी ओळ उसवली,
आणि कॅन्सस नि केंटकीच्या मधली निळी पट्टी
चार बोटं जास्त रुंद कापली.
मग अर्थातच सगळंच बिनसलं.
खालचे चौकोन वरच्यांशी जुळेनात,
एक कड बाहेर आली,
अस्तर ओढून ओढून पुरवावं लागलं.
गुरुवारी मार्लिसने टेप लावून बघितलं
आणि डोक्याला हात लावला.
सोल्वेगने त्या पट्टीवरून अंगठा फिरवला,
मग म्हणाली, असू दे, इथले टाके मी घालते.
इतके बारीक टाके मी पाहिले नव्हते.
दुपारभर ती तेवढ्याच पट्टीवर होती.

ऑगस्टमध्ये काउंटीच्या जत्रेत गोधडी टांगली.
परीक्षकाने टाचणीने चिठ्ठी लावली:
रंगकाम सुरेख. पट्ट्यांची मापं चुकलेली.
तिसरं बक्षीसही नाही.

आता ती माझ्या पलंगावर असते.
थंडीत अंगावर ओढली की रंगाच्या खपल्या
हनुवटीला टोचतात.
वायोमिंगचा अर्धा पक्षी पायथ्याशी येतो.
झोपेत हात कुठेही पडतो, तसा
कधी कधी त्या पट्टीवर पडतो.
तिथे काही रंगवलेलं नाही.
नुसते टाके, जवळ जवळ.