तीस मिनिटं

एक लिटरचं नळकांडं भरून
मी खिडकीत ठेवते, घड्याळ लावते.
तीस मिनिटांत गाळ किती खाली बसतो
तेवढंच बघायचं असतं रोज सकाळी.
अमळनेर रात्रीतून जे विसरून गेलं
ते ढगासारखं उतरत जातं काचेत.

खाली पहिल्या वाफ्यात उखर्डूआप्पांचं फावडं.
मे महिन्यात गाळ आठवड्यात वाळतो,
काळ्या रानासारख्या भेगा पडतात
आणि भेगांतून टमाट्याची रोपं वर येतात,
कुणी न लावलेली.
गावानं खाल्लेलं बी.
आप्पा ती उपटत नाहीत. टमाटे खातही नाहीत.

दोन नंबरचा ब्लोअर बंद पडला तेव्हा मी दहावीत होते.
अहवालात तो अजून चालू आहे.
टाकीच्या अर्ध्या भागात बुडबुडे,
अर्ध्यात तपकिरी साय.
बोरीला वर्षातले आठ महिने दुसरं पाणी नाही.
आम्ही सोडतो तीच नदी.

आता पुण्याहून माणसं आलीत.
नवे ब्लोअर, गाळ पिळणारं यंत्र, काचेचं पॅनल.
वाफे बुजवून तिथं शेड.
केळीवाले विचारायला आले, खत मिळेल ना?
मी म्हटलं, आधी शिसं तपासू, जस्त तपासू.
त्यातला एक हसला,
"वीस वर्षं ट्रॉल्या भरल्या, तेव्हा कुठं होता तुम्ही?"
याला मी काही बोलले नाही.
अजूनही काही सुचलेलं नाही.

पॅनलला चालवणाऱ्याचं नाव लागतं.
"उखर्डू म्हणजे काय हो?" पोरगेला इंजिनिअर.
आप्पा हात पँटला पुसतात.
"मन्हा आगोदर तीन ग्यात.
मंग मायनी माले उकिरडावर ठेवं.
वास उना, मरन मांगे फिरी गयं."
पोरगा थोडा वेळ थांबतो,
मग टाइप करतो: ऑपरेटर एक.

संध्याकाळी यंत्रातून पहिली वडी पडते.
सगळे टाळ्या वाजवतात.
आप्पा ती उचलतात, मोडतात, नाकाशी नेतात.
"पानी शे आजून."
पॅनलवर आकडा हिरवा.

मी वर येते. सकाळचं नळकांडं
ओतायचं राहून गेलंय खिडकीत.
खाली बसलेला सगळा गाळ
दिवसभरात पुन्हा वर आलाय, तरंगतोय.
वहीत तीस मिनिटांनंतरचा
रकाना नाही.