माणशी चार लिटर

विजेच्या बिलाच्या पाठीवर मी हिशोब मांडला:
चार माणसं, वाळवंटात पाच दिवस,
माणशी रोज चार लिटर.
ऐंशी.
अन्सार म्हणाला, जीपचंही एक डोकं धरा,
रेडिएटर काही उपास करत नसतो.
वीस वाढवले. शंभर.
आकडा मोठा वाटला नाही.
उदगीरच्या आमच्या गल्लीत
शंभर लिटर म्हणजे अर्धं टिपाड,
आणि टिपाडाची भाषा
आम्हाला बाराखडीच्या आधी येते.

रुक्मांगद पोस्टातून रिटायर झालेला,
हातात येईल त्याचं वजन करणारा.
शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, तो म्हणाला,
म्हणजे पाचवा माणूस, जरा जाडच,
आणि रोज वाळत जाणारा.

सगळं एका टाकीत नको, असं ठरलं.
एक बूच सैल राहिलं
की सगळा प्रवास वाळूत जिरायचा.
म्हणून वीस-वीसचे पाच कॅन, निळे,
झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचं रबर.
रोज एकच उघडायचा.
पाचवा मागच्या सीटखाली, चादरीत गुंडाळून,
झोपलेल्या पोरासारखा.

मग दैवशाला म्हणाली, एकदा तालीम करू.
होळी नुकतीच झाली होती, तरी पत्रे तडतडत होते.
रविवारी ओट्यावर
प्रत्येकाच्या नावाचे चार लिटर मोजून ठेवले.
प्यायचं यातूनच, दिवेलागणीपर्यंत संपवायचं.
अन्सारनं चारच्या आत संपवलं.
रुक्मांगदचं तांब्याभर उरलं.
माझं मी, खोटं कशाला बोलू,
कुणी बघत नाही बघून बादलीत ओतलं.
दैवशालाचं अडीच लिटर तसंच.

तहान नव्हती?
होती की, ती म्हणाली.
पण उरतंय तर उरू द्यावं.

यादीत काय राहिलंय ते मला तेव्हा दिसलं.
वाचवायला आम्हाला कुणी शिकवायला नको;
भाजीचं धुवण भांड्यांना,
भांड्यांचं अंगणातल्या लिंबोणीला.
पण तहान लागायच्या आधी प्यायचं,
कुणी न म्हणता, पोटभर,
हे आमच्या घशाला येत नव्हतं.
बिलावर शंभरच्या खाली लिहिलं:
दर तासाला एक पेला.
आणि त्याखाली, बारीक अक्षरात:
दैवशालासमोर बसून.

निघायच्या आदल्या रात्री खरी अडचण सुचली.
नळ पंधरवड्यातून एकदा येतो,
नऊ दिवस होऊन गेलेले.
म्हणजे आम्ही वाळूत, तो दारात,
आणि दाराला कुलूप.
वाळवंटाचं पाणी ठरलं होतं, घराचंच राहिलं होतं.
शेजारच्या प्रयागबाईंना किल्ली दिली,
मोटारीचं बटण दाखवलं,
पाइपाचं कोणतं तोंड हौदात, कोणतं टिपाडात.
अर्ध्या रात्री आला तर?
तर उठेन की, त्या म्हणाल्या.
तुम्ही तिकडं ताऱ्याखाली झोपा, मी इकडं जागते.

वाळूतली चौथी रात्र. जैसलमेरच्या पुढं कुठंतरी.
खिचडी खाली लागली होती.
टेकाडावर चढलं की फोनला एक काडी रेंज,
आणि प्रयागबाईंना स्पीकर लागत नाही:
आला होता!
किती वेळ?
पस्तीस मिनिटं! सगळं भरलं!
ती तुमची गळकी घागर, ती पण!

रुक्मांगदनं कारण नसताना टोपी काढली.
दैवशालानं कॅन वाकवला,
पेला काठोकाठ भरला,
तास व्हायला अजून वेळ होता,
एका दमात प्याली.

तळाशी घोटभर राहिलं, सवयीनं.
ते हातात धरून
ती अंधारात लिंबोणी शोधत उभी.

इकडं आणा वहिनी, अन्सार म्हणाला,
बॉनेट वर करत.
याचंही डोकं धरलंय.