तीनशे सतरावा

बाबांना मतं पडली तीन.
घरात मतदार चार.
एवढ्यावरून आमच्या घरात
अठ्ठावीस वर्षं इलेक्शन चालू आहे.

वडगावात तेव्हा गल्लीच्या गल्ली उभी राहिली.
मागावरून उठून माणसं थेट कलेक्टर कचेरीत,
डिपॉझिटचे पाचशे कुणी सोसायटीतून काढलेले,
कुणी बायकोच्या डोरल्यावर.
जिंकायला कुणीच नव्हतं.
मतपत्रिका इतकी जाड करायची
की घडी घालताना दिल्लीच्या बोटांना लागावं
इथं काहीतरी दुमडून ठेवलंय चाळीस वर्षं.
बस, एवढीच योजना.

साडेचारशेच्या वर माणसं रिंगणात.
बाबांचा नंबर तीनशे सतरा :
लुमाण्णा भरमाण्णा मजुकर, विणकर.
निशाणी उलथणं.
बरी बरी चित्रं आधीच्यांनी नेली होती.
आई म्हणाली,
चला, स्वयंपाकघरातलं काहीतरी तुमच्या नावावर झालं.

प्रचार काय करणार?
दूधवाला तरळे उमेदवार, त्याचा मेव्हणा उमेदवार,
दाढी करणारा आणि दाढी करून घेणारा, दोघं उमेदवार.
भेटले की विचारायचे, कुणाला घालतोस बे?
आणि चहाचे पैसे देण्यावरून खरी लढत व्हायची.

आज्जाला हे सगळं पोरखेळ वाटायचं.
त्याचं पहिलं इलेक्शन मुंबई राज्यातलं,
उमेदवार तितक्या पेट्या.
आज्जानं म्हणे पेट्या हळूच हलवून बघितल्या
आणि ज्या पेटीत कमी वाजलं
तिच्यात चिठ्ठी टाकली.
एकटं वाटाय नको तिला, म्हणाला.

तर तीन.
आज्जा, काका, आई, बाबा.
चौघांनी देवापुढं हात ठेवला.
बाबांचा संशय काकावर,
काकाचा आज्जावर,
आज्जा संशयासकट गेला.
मधल्या काळात गावाच्या नावात एक अक्षर वाढलं,
पाट्या बदलल्या, पेट्या गेल्या, मशीन आलं,
यादीत मी आले,
बाबांचं मजुकर एकदा मंजुकर झालं, एकदा मुजावर.

यंदा मे महिन्यात त्यांना रिक्षातून बूथवर नेलं.
काचेमागं चिठ्ठी सात सेकंद उभी राहिली, पडली.
परत येताना बाबा म्हणाले,
त्या वर्षी मला माझंच पान गावलं नाही.
मागं लाईन. बूथवरचा मास्तर कन्नडमधून घाई करत होता,
खरं वाईट नव्हता माणूस.
उलटून उलटून बोटं सुकली.
जे पान उघडलं तिथं शिक्का मारला.
शिलाई मशीन होतं. कोण बाई होती.

(आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'.
बाहेरच्यांना हे समजवताना
माझी निम्मी नोकरी गेली.)

घरी आल्यावर आईला सांगितलं.
ती भाकरी थापत होती, थांबली नाही.
म्हणाली, मी तरी कुठं तुम्हाला दिलं?
उलथणं दिसलं होतं,
खरं बाजूला तरळ्याच्या बायकोची पणती होती,
तिला कोण देणार होतं?

बाबा बराच वेळ बोटं मोडत बसले.
आज्जाचं एक धरू. काकाचं एक धरू.
मग तिसरं?

बैलहोंगलला असेल कुणी, सौंदत्तीला,
कापसाच्या रानातून मतदानाला आलेलं,
ज्याला लुमाण्णा माहीत नाही, सीमा माहीत आहे की नाही कोण जाणे,
मागची लाईन सोडून जो पानं उलटत राहिला
आणि उलथण्यापाशी थांबला.

आता बाबा शनिवारच्या बाजारात
जोंधळेवाल्याशी कन्नडमधून बोलतात
तेव्हा जरा जास्तच वेळ बोलतात.
भाव ठरलेला असतो.
पिशवी भरलेली असते.
तरी विचारतात,
गाव कुठलं म्हणालास तुझं?