पाण्याची सोय

कराचीत पटकी होती म्हणून
बोटीवर पिवळं निशाण चढलं, आणि बुशायर
दोन कोसांवर थांबून राहिलं.
पाच दिवस कुणी उतरायचं नाही, म्हणाला सारंग दाऊद,
हर्णैचा. दोरखंडाला त्याने आमच्या बोलीत शिवी हासडली
तेव्हा मला माहेर भेटलं.

माझी जागा घोड्यांच्या रिकाम्या ठाणाशेजारी.
परतताना बसऱ्याहून घोडे भरतात, जाताना आम्हांला.
फळीवर त्यांच्या दातांचे खड्डे;
रात्री झोप नसली की मी ते बोटांनी चाचपायची.

चूल एकच, वाळू भरलेली लोखंडी पेटी.
आधी करबल्याला निघालेल्या म्हाताऱ्या,
मग भाटिये, मग तारखात्यातल्या कारकुनाची यमुनाबाई
सोवळ्याच्या गाठोड्यासकट,
शेवटी मी, पलटणीतल्या नाइकाची बायको,
दापोलीच्या महारवाड्यातली.
माझ्यापर्यंत राखच यायची.
राखेतला निखारा शोधणं मला येतं.

मस्कतच्या अलीकडे वारं फिरलं.
दोन रात्री भांडी इकडून तिकडे धावत होती.
यमुनाबाई ओकून ओकून चिंधी झाली,
सोबतचा दीर कुठेतरी निपचित.
मी तिचं डोकं धरलं.
टाकीचं पाणी, गंजाच्या चवीचं, माझ्याच लोटीने
ओठांना लावलं.
ती प्याली. डोळे उघडे ठेवून प्याली.

त्यावर आम्ही कधीच बोललो नाही.
पण नांगरावरच्या त्या पाच दिवसांत
ती आपण होऊन ठाणापाशी यायची,
वारा गिळणारे ते मातकट मनोरे बघत बसायची.
गाठोड्यात तिने अळकुड्या आणल्या होत्या, ओल्या फडक्यात.
"या मुलखात अळू येईल का गं?"
मी म्हटलं, "सांडपाणी असेल तिथं येईल."
तिला हसू आलं. मलाही.

सहाव्या दिवशी निशाण उतरलं.
मचवा घेऊन तिचा नवरा आला, काळा कोट, घामाने पांढरा.
ती पुढच्या टोकाला बसली, पदर कपाळापर्यंत.
मी मागे, गाठोड्यांत.
"वाटेत पाण्याची सोय झाली ना नीट?" त्याने विचारलं.
"झाली," ती म्हणाली.

मचव्यात फटीतून पाणी शिरत होतं.
खलाशाने हाताने खूण केली,
आणि किनारा येईपर्यंत
मी लोटीने ते उपसत राहिले.