साठ टक्के

पिंजरा एकतीस. साठ टक्के चरबी.
निळसर गोळ्या, मेणासारख्या,
हातमोज्यातूनही बोटांना जाणवणाऱ्या.
हाल्श्का त्या तराजूत टाकते, वजन लिहिते, तारीख लिहिते.
लुब्लिनमध्ये अजून उजाडायचंय.

उंदीर खातात. खातच राहतात.
आठव्या आठवड्यात पाठी चकाकू लागतात,
दहाव्यात कोणी चाकावर चढत नाही.
मग त्यांना अंड्यातलं प्रथिन पाजायचं
आणि घड्याळ लावून बघत बसायचं,
कोण कान खाजवतो, कोणाचं अंग गार पडतं,
कोण कोपऱ्यात जाऊन नुसताच बसतो.

पुढचं तिला आधी कोणी सांगितलं नव्हतं.
लठ्ठ उंदरांची लेंडी पाण्यात कालवून
त्यांनी सडपातळ उंदरांना पाजली,
ज्यांनी जन्मात चरबी चाखली नव्हती.
त्यांनाही खाज सुटली.
खाल्लं एकाने,
अंगावर आलं दुसऱ्याच्या.

त्या दिवशी तिने नोंदवहीत
वजनाच्या रकान्यात तारीख लिहिली.

सात वर्षांपूर्वीचा हिवाळा, तिसरा मजला.
पोटात काही म्हणता काही टिकत नव्हतं,
टिकायची ती फक्त पावावरची डुकराची चरबी,
वर मीठ, बाजूला खारवलेली काकडी.
नणंद बोझेना बरण्या भरभरून आणायची.
"खा गं, दोघांसाठी खा."
ती खायची. दोघांसाठी.

इग्नात्सी दोन वर्षांचा असताना
एका केकमधला अक्रोडाचा तुकडा,
नखाएवढा.
अंगभर गांधी, ओठ सुजलेले,
आणि छातीतून येणारी ती शिट्टी.
तेव्हापासून दप्तरात इंजेक्शनचं पेन,
आणि आईचं बोट
प्रत्येक पुड्याच्या मागच्या बारीक अक्षरांवरून फिरणारं.

तिने व्झोसेक सरांना विचारलं,
अगदी सहज, पिंजरे धुता धुता.
सर चष्मा पुसत म्हणाले, "कदाचित."
मग, "उंदीर म्हणजे माणूस नव्हे."
मग, "आतड्यातले जीवाणू, अस्तराला पडलेल्या फटी,
अजून नीट कळलेलं नाही. कदाचित."
हा शब्द ते मिठासारखा वापरतात,
प्रत्येक वाक्यात चिमूटभर.
तिला एकच वाक्य हवं होतं,
होय म्हणणारं किंवा नाही म्हणणारं.
दोन्हींपैकी कुठलं, ते तिलाही माहीत नव्हतं.

नाताळात बोझेना पुन्हा बरणी घेऊन आली.
पांढरी, घट्ट, आत कांद्याचे तपकिरी तुकडे.
हाल्श्काने ती फेकली नाही.
उघडलीही नाही.
खिडकीबाहेरच्या थंडीत ठेवून दिली,
मुंग्या नसलेल्या ऋतूत.

रात्री इग्नात्सी विचारतो,
"तुझ्या उंदरांना काय देतेस?"
"मी खायचे, तेच."
"आवडतं त्यांना?"
"फार."
तो जरा विचार करतो. दुधाचा एक दात हलवून बघतो.
"आणि मला?"
"तुला बटाटे," ती म्हणते,
आणि सोलायला घेते,
साल इतकी पातळ काढते
की सुरीचं पातं पलीकडून दिसावं.