चार दहा, चार सतरा

गुरुवारी दुकान नऊला बंद होतं, म्हणजे
शटर अर्धं खाली येतं आणि आम्ही आत उरतो:
ऑरिन, जो दिवसभर बर्फात रुतलेल्या गाड्या ओढून काढतो,
ल्युसिंडा, जी दंतवैद्याकडे बिलं करते आणि
हिशेबातली एक दमडी सोडत नाही,
सोळा वर्षांची टॅमसिन, जिच्या घरी वाटतं इथे गणित चालतं,
आणि मी, मालक. मुख्यतः उधारीचा.

बाहेर डुलुथ. उणे एकवीस.
मोसमातली शेवटची खनिजाची बोट भोंगा देते,
पूल वर उचलला जातो,
आणि भांडण मागच्या गुरुवारी जिथे टेकवलं होतं
तिथूनच उचललं जातं.

‘रात्रपाळी’, पर्व तिसरं, भाग एकविसावा.
मिस बॅरोमीटर स्वतःची मालिका सोडून
यांच्या मालिकेत येते, काखेत वादळ घेऊन.
ती निघते तेव्हा चौकातलं घड्याळ चार दहा दाखवतं.
ती दार उघडते. तेच दार, तोच चौक.
इकडे चार सतरा.

सात मिनिटं कुठे होती बाई?

ऑरिन म्हणतो, भूतकाळात.
गेली, तळ्यावरचा बर्फ फुटायच्या आत भावाला ओढून काढलं, आली.
मग चौथ्या पर्वात त्याच्या थडग्यापाशी का रडते? ल्युसिंडा.
कारण वाचलेला भाऊ दुसऱ्या काळात आहे, ऑरिन म्हणतो.
वाचवता येतं. भेटता येत नाही.
बादरायण संबंध, ल्युसिंडा म्हणते, म्हणजे
तिच्या भाषेत जे काही म्हणतात ते, पण त्याच तोऱ्यात.

टॅमसिन फळ्यावर काळाची रेघ ओढते.
रेघेला फांदी फुटते, फांदीला फांदी,
झाड पसरत पसरत कोपऱ्यात जातं आणि तिथला
पिझ्झाचा हिशेब पुसला जातो.
आता या काळात पिझ्झा कुणीच आणलेला नाही.
आम्ही खातोय तो कुठला, हा वेगळा वाद.

आज शटरखालून वाकून ग्रेटा हाल्वर्सन आत आल्या,
टॅमसिनच्या शेजारी, तिला गाडीतून न्यायला.
बूट झटकले. फळा वाचला. सगळा.
मग म्हणाल्या, हे घड्याळ मी रंगवलंय.

बर्बँकला. चौतीस वर्षांची होते.
पहिलं चित्र कुणीतरी कॉफी सांडून घालवलं,
दुसरं घाईत काढायला बसले,
वर भिंतीकडे पाहिलं, चार सतरा झाले होते,
तेच काढलं. पाचची बस होती मला.

फ्रीज गुरगुरत राहिला.
इतक्या वर्षांत कुठे पाणी मुरतंय ते शोधत होतो
आणि नळ असा समोर येऊन उभा,
हातमोजे काढत.

ऑरिनने टोपी काढली, परत घातली.
म्हणजे, तो सावकाश म्हणाला,
चार सतरा ही खरी वेळ आहे.
तुमच्या भिंतीवरून ती चौकात आली.
म्हणजे त्या भागात दोन नाही,
तीन जगं एकमेकांत शिरलीत.

ल्युसिंडाने तोंड उघडलं आणि मिटलं.
टॅमसिन तिसरी रेघ ओढायला लागलीसुद्धा.

आणि चार दहा? मी विचारलं. ते कुठून?

ग्रेटाबाई बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिल्या.
बस चुकलेल्या माणसासारख्या खुर्चीवर बसल्या.
ते का काढलं होतं मी, त्या म्हणाल्या,
आम्हाला नव्हे.
मग, ऑरिनकडे वळून:
तो भाऊ. त्याचं नाव काय होतं?

मालिकेत त्या भावाला नाव नाही.
शेवटच्या श्रेयनामावलीतसुद्धा नुसतं ‘भाऊ’.
हे इथे सगळ्यांना पाठ आहे.

वेंडेल, ऑरिन म्हणाला.

ल्युसिंडा, जी दमडी सोडत नाही,
पिझ्झाच्या खोक्याचं झाकण लावत राहिली.
टॅमसिनने सर्वांत लांबच्या फांदीच्या टोकाला
ते नाव नीट अक्षरात लिहिलं.

पैसे मी दिले होते, तेव्हा आठवलं.
म्हटलं, राहू दे.